बाबांच्या डीटीपीच्या जुन्या कॉम्प्युटरचा बॅकअप : एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर काय काय घ्यायचं?

कृष्णाकाठची
सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

बाबांचं सांगलीत डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, शिवाय गावातल्या एका दिवाळी अंकाची पानं वर्षानुवर्षं तिथेच लागली. कॉम्प्युटर विंडोज ७ वर, त्यात पानं लावायला पेजमेकर ७, चित्रांना कोरल आणि मराठी फॉन्टसाठी श्रीलिपी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पेठेत पाणी शिरलं तेव्हा बाबांनी आधी सीपीयू माळ्यावर चढवला आणि मग गल्ला उचलला. त्या डब्याचा घरातला मान यावरून लक्षात यावा.

आता तो चालू व्हायलाच वेळ घेतो. नवीन कॉम्प्युटर घ्यायला बाबा एकदाचे तयार झालेत, पण अट घातलीय की जुन्यातलं एक पानसुद्धा गहाळ होता कामा नये. मी २ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेतली आहे. डी ड्राइव्हमध्ये साधारण १८० जीबी माल आहे, शिवाय जुन्या सीडींचा एक गठ्ठा.

प्रश्न असे :
१. साधं कॉपी-पेस्ट पुरतं, की सॉफ्टवेअर लागतं?
२. सगळं आलं हे कसं समजायचं? फायली हजारोंनी आहेत.
३. बाबांचा बेत आहे की सगळं एक्स्टर्नलवर हलवायचं आणि डी ड्राइव्ह मोकळा करायचा, म्हणजे डबा जरा पळेल. चालेल का?

मी पुण्यात असते, येत्या शनिवार-रविवारी सांगलीला जाऊन हे उरकायचं आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

मधलीसुट्टी
सोमवार, रात्री ९:३०

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. आमच्याकडेही असाच एक पूजनीय डबा आहे.

---

शून्य_एक
सोमवार, रात्री १०:०५

ताई, तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. काकांचा 'हलवायचा' बेत आधी रद्द करा. इथून काढून तिथे ठेवलं तर प्रत एकच राहिली, फक्त पत्ता बदलला. ती डिस्क टेबलावरून खाली पडली की खेळ खल्लास. कॉपी करा, कट नको. डी ड्राइव्ह भरलेला असेल तर नवीन मशीन नीट लागेपर्यंत भरलेलाच राहू दे.

कॉपीला हात घालण्याआधी जुन्या डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. वर निळ्या चौकोनात 'गुड' दिसलं तर निवांत कामाला लागा. पिवळं 'कॉशन' आलं तर खालच्या यादीत ०५ आणि सी५ या दोन ओळी बघा. ०५ म्हणजे खराब निघाल्यामुळे डिस्कने स्वतःच बदलून टाकलेले सेक्टर, आणि सी५ म्हणजे वाचताना ती अडखळतेय असे. सी५ समोर शून्याऐवजी काही आकडा असेल तर डीफ्रॅग, चेकडिस्क असले प्रयोग अजिबात करू नका. ज्या फोल्डरशिवाय चालणारच नाही तो आधी उचला, मग त्याखालचा. डिस्कमधून टक-टक असा ठेक्यात आवाज येत असेल तर मशीन बंद करून थेट डेटा रिकव्हरीवाल्याला गाठा. प्रत्येक वेळी 'एकदा चालू करून बघू' म्हणताना आतलं नुकसान वाढत जातं.

एक्स्टर्नल डिस्क कॅबिनेटच्या मागच्या यूएसबी पोर्टला लावा. अडीच इंची पोर्टेबल डिस्क त्या पोर्टवरूनच वीज घेते आणि जुन्या कॅबिनेटचे पुढचे पोर्ट बऱ्याचदा लंगडे असतात. डिस्क दिसते, नाहीशी होते, पुन्हा दिसते, असं होत असेल तर आधी पोर्ट आणि केबल बदलून बघा. दुकानात यूपीएस असेलच. त्याची बॅटरी जिवंत आहे ना, तेवढं पाहा.

वेगाचं म्हणाल तर पोर्ट आतून काळा असेल तर यूएसबी २ धरून चाला. सेकंदाला ३० ते ४० एमबी मिळाले तरी खूप. १८० जीबीला त्या वेगाने दीड-दोन तास लागतील, पण तुमच्याकडे बारीकसारीक फायलींचा ढीग असणार, त्यामुळे त्याच्या दुप्पट वेळ हाताशी ठेवा. निळे पोर्ट म्हणजे यूएसबी ३, ते विंडोज ७ च्या काळातल्या मशीनला असले तर नशीब.

डिस्क आधी एनटीएफएस या पद्धतीत (डिस्कवर फायली मांडायची विंडोजची पद्धत) फॉरमॅट करून घ्या. पेनड्राइव्हसारखी फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल घेणार नाही. एक्सफॅट चालते, मॅकवरही लिहिता येतं, पण लिहिताना लाइट गेली तर एनटीएफएस जास्त सावरून घेते. आणि हो, २ टीबीची डिस्क विंडोजमध्ये १.८१ टीबी दिसेल. दुकानदाराने फसवलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

कॉपी कशी करायची ते उद्या लिहितो, आत्ता टंकाळा आलाय.

---

ढगात_गोळी
सोमवार, रात्री १०:४०

आजच्या जमान्यात हार्ड डिस्क कशाला? क्लाउडवर टाका आणि झोपा. फिरणारी तबकडी आज ना उद्या बंद पडणारच.

---

शून्य_एक
सोमवार, रात्री १०:५२

गोळीराव, १८० जीबी चढवणार कसे? गुगलचे फुकटचे १५ जीबी, त्यातच जीमेल आणि फोटो. वनड्राइव्हचे ५. पैसे भरले तरी २० एमबीपीएस अपलोड असलेल्या कनेक्शनवर सलग २० तास, तेही मध्ये काही न तुटता. तेवढा वेळ तो डबा तग धरेल का?

आणि वनड्राइव्ह काय, गुगल ड्राइव्ह काय, मुळात ते सिंक करतात. इथे फाइल उडाली की थोड्या वेळात तिथेही उडते. तिथल्या कचरापेटीत काही दिवस राहते म्हणून बरं. क्लाउड तिसरी प्रत म्हणून उत्तम, पहिली म्हणून नको.

---

खिळेवाला
मंगळवार, सकाळी ७:१५

या धाग्यावर लिहायलाच लॉगिन झालो. मी खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, नंतर डीटीपीत आलो, आता निवृत्त. वरचं सगळं बरोबर आहे, पण डीटीपीवाल्याचा डेटा म्हणजे नुसत्या फायली नव्हेत. १८० जीबी बाइट-न-बाइट कॉपी झाला तरी तुमच्या वडिलांची पानं नवीन मशीनवर उघडणार नाहीत. का, ते सविस्तर लिहितो.

फॉन्ट. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव या सगळ्या जुन्या फॉन्टांमध्ये युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला कोड, नव्हता. आपल्याला पडद्यावर 'क' दिसतो, पण फाइलमध्ये भलत्याच इंग्रजी अक्षराचा नाहीतर चिन्हाचा कोड पडलेला असतो. फॉन्ट त्या कोडावर 'क'चं चित्र चढवतो, बस. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की चिन्हांचा नुसता चिवडा दिसतो. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या फॉन्टमाळांचे कोडही एकसारखे असतीलच असं नाही, त्यामुळे 'तसलाच दुसरा फॉन्ट' लावून भागत नाही. तेव्हा विंडोजच्या फोल्डरातला फॉन्ट्स हा पूर्ण फोल्डर एक्स्टर्नलवर घ्या. निवडत बसू नका, सगळा घ्या. तो सी ड्राइव्हवर असतो आणि तुम्ही फक्त डी ड्राइव्हचं म्हणताय, म्हणून मुद्दाम सांगतोय. श्रीलिपीचा इन्स्टॉल केलेला फोल्डर आणि मूळ सीडीही सोबत ठेवा. वडिलांच्या व्हर्शनला लॉक असेल, म्हणजे कॅबिनेटच्या मागे खोचलेलं, ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ते डबडं, तर ते जपून ठेवा. यूएसबीचं असेल तर नव्या मशीनला निदान खोचता तरी येईल. जुनं प्रिंटरच्या पोर्टचं असेल तर नव्या मशीनला तसला पोर्टच नसतो.

पेजमेकरची चित्रं. पेजमेकरमध्ये मोठं चित्र पानावर लावलं की ते बहुतेक वेळा फाइलच्या पोटात जात नाही, बाहेर जिथे आहे तिथला पत्ता तेवढा नोंदला जातो. चित्र 'डी ड्राइव्ह, फोटो, २००६' मध्ये होतं आणि तुम्ही नव्या मशीनवर ते तिसरीकडेच ठेवलंत, तर पान उघडताना ते 'चित्र कुठाय?' म्हणून विचारत बसणार. यावर उपाय पेजमेकरमध्येच आहे. महत्त्वाची फाइल उघडा, 'सेव्ह अ‍ॅज' करा, खिडकीत 'कॉपी' असा भाग आहे तिथे 'ऑल लिंक्ड फाइल्स' निवडा आणि नवीन फोल्डरात सेव्ह करा. पानाला लावलेली सगळी चित्रं त्याच फोल्डरात येऊन बसतात. हे प्रत्येक पत्रिकेसाठी करणं शक्य नाही, मान्य. दिवाळी अंक आणि स्मरणिकांसाठी करा.

पीडीएफ. हे सर्वात महत्त्वाचं आणि नेमकं हेच कोणी करत नाही. जुनं मशीन चालू आहे, पेजमेकर चालू आहे, फॉन्ट जागेवर आहेत, तोवर दिवाळी अंकाच्या प्रत्येक फाइलची पीडीएफ काढून घ्या, फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे पीडीएफच्या पोटातच घालून. पीडीएफ उघडून 'डॉक्युमेंट प्रॉपर्टीज'मध्ये 'फॉन्ट्स'वर गेलात की नावापुढे 'एम्बेडेड' दिसलं पाहिजे. ते दिसलं की ती पीडीएफ मोबाइलवरही वाचता येते, श्रीलिपी असो वा नसो. पेजमेकर ७ आलं २००१ मध्ये, त्यानंतर अडोबीने पुढची आवृत्ती काढलीच नाही. तुमच्या वडिलांच्या मूळ फायली आणखी दहा वर्षांनी कोण उघडून देणार?

मजकूर पुन्हा वापरायचा असेल तर युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार तपासून घ्यावे लागतात. ते काम सावकाश होईल.

---

कृष्णाकाठची
मंगळवार, सकाळी ९:०२

खिळेवाला काका, शतशः धन्यवाद! फॉन्टचं तर डोक्यातच आलं नसतं. बाबांना फोनवर वाचून दाखवलं, ते म्हणाले, "हा माणूस धंद्यातला आहे." लॉक प्रिंटरच्या पोर्टचंच आहे म्हणे. 😟

---

शून्य_एक
मंगळवार, दुपारी १:२०

काकांचा प्रतिसाद खास. प्रिंटर पोर्टच्या लॉकवर माझ्याकडे एकच सल्ला : तो जुना डबा भंगारात घालू नका. नेट काढून टाका आणि 'जुनी फाइल उघडायचं यंत्र' म्हणून कोपऱ्यात राहू द्या. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समध्ये डिस्क-टू-व्हीएचडी म्हणून एक छोटा प्रोग्रॅम आहे. चालू विंडोजची आख्खी प्रत तो एका फाइलमध्ये बांधतो आणि ती फाइल नव्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये उघडता येते. खिडकीत जुना कॉम्प्युटर. पण लॉक त्या खिडकीत पोचवणं ही वेगळी डोकेदुखी. तरी प्रत काढून ठेवाच, फॉन्ट आणि सेटिंग सकट सगळं त्यात येतं.

आता कॉपी. विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाची कमांड आहे, व्हिस्टापासून सगळ्या विंडोजमध्ये आयती असते. काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडायची, 'रोबोकॉपी', मग कुठून, मग कुठे. (इथे देवनागरीत लिहितोय, टाईप इंग्रजीतच करायचं.) पुढे हे स्विच :

स्लॅश ई : आतले सगळे फोल्डर, रिकामे असले तरी.
स्लॅश आर, कोलन, १ आणि स्लॅश डब्ल्यू, कोलन, १ : हे विसरायचं नाही. एखादी फाइल वाचता आली नाही तर रोबोकॉपी पुन्हा प्रयत्न करते, आणि हे दोन दिले नाहीत तर दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून. हिशेब करा, एका खराब फाइलपायी जवळजवळ वर्षभर.
स्लॅश एक्सजे : विंडोजमधले काही फोल्डर म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडे नेणारी नुसती पाटी असते. त्यांच्या मागे लागून गोल गोल फिरायला नको म्हणून.
स्लॅश युनिलॉग, कोलन, फाइलचं नाव : काय झालं त्याची नोंद. साधा 'लॉग' दिलात तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटू शकतात, युनिलॉगमध्ये नावं नीट येतात.

लॉगच्या शेवटी तक्ता येतो. त्यात 'फेल्ड' या रकान्याखाली शून्य आहे का बघायचं. शून्य नसेल तर वर 'एरर' शोधायचा, फाइलचं नाव सापडतं.

साध्या कॉपी-पेस्टपेक्षा हे बरं, कारण मध्ये लाइट गेली तर तीच कमांड पुन्हा द्यायची. झालेल्या फायली ती सोडून देते आणि पुढे चालू लागते.

---

बोरूबहाद्दर
मंगळवार, दुपारी २:१०

स्लॅश एमआयआर का नाही सांगितलंत? मी कायम मिररच वापरतो. दोन्हीकडे तंतोतंत सारखं. उगाच कचरा साठत नाही.

---

शून्य_एक
मंगळवार, दुपारी २:३५

मुद्दाम नाही सांगितलं. मिरर म्हणजे मूळ जागी जे नाही ते बॅकअपमधूनही पुसायचं. काकांनी चुकून '२००४ पत्रिका' फोल्डर उडवला आणि संध्याकाळी मिरर चालवला तर तो बॅकअपमधूनही गेला, तोही रिसायकल बिनमध्ये न थांबता. आणखी वाईट म्हणजे 'कुठून' आणि 'कुठे' यांची अदलाबदल झाली आणि नवीन डिस्क रिकामी असली, तर मूळ ड्राइव्हच साफ. वापरायचाच तर आधी स्लॅश एल लावून चालवा. त्यात काय काय होईल याची फक्त यादी येते, प्रत्यक्षात काही होत नाही.

---

बोरूबहाद्दर
मंगळवार, दुपारी २:५०

पटलं अर्धं. पण स्लॅश ई वापरत राहिलात तर फाइलचं नाव बदललं की बॅकअपमध्ये दोन्ही नावांनी राहते. वर्षभरात 'पत्रिका फायनल', 'पत्रिका फायनल २', 'पत्रिका फायनल खरी' असा सगळा गोतावळा जमतो. परत आणताना यातली खरी कोणती? मिररमध्ये ती भानगडच नाही.

---

शून्य_एक
मंगळवार, दुपारी ३:१५

तो गोतावळा मूळ फोल्डरातच असतो हो, डीटीपीवाल्यांना विचारा. 😄

पण मुद्दा खरा आहे. माझा तोडगा असा : एक्स्टर्नलवर तारखेच्या नावाने फोल्डर करायचा आणि दर वेळी नव्या फोल्डरात पूर्ण प्रत. २ टीबीत १८० जीबीच्या ९-१० प्रती मावतात. भरलं की सर्वात जुनी काढायची. जागा वाया जाते, पण 'गेल्या गणपतीत होती तशी फाइल' हातात मिळते. एखादी फाइल आतून खराब झाली असेल तर मिरर तीच खराब फाइल चांगल्या प्रतीवर चढवतो. तारखेच्या फोल्डरांत जुनी चांगली प्रत सुरक्षित राहते.

नव्या मशीनवर विंडोजचं फाइल हिस्टरी हेच काम आपोआप करतं, दर तासाला बदललेल्या फायली उचलतं. मात्र त्यासाठी डिस्क लावून ठेवावी लागते, आणि ते मला आवडत नाही.

---

मधलीसुट्टी
मंगळवार, दुपारी ४:००

लावून ठेवली तर काय होतं? सारखी काढ-घाल करायचा कंटाळा येतो.

---

शून्य_एक
मंगळवार, दुपारी ४:१२

रॅन्समवेअर. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय जगभर पसरला तेव्हा फायली कुलूपबंद करून पैसे मागायचा प्रकार सगळ्यांनी ऐकला. तो जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फायलीही सोडत नव्हता. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर असली पाहुणेमंडळी आजही येतात, आणि डीटीपीच्या धंद्यात क्रॅक म्हणजे... असो. बॅकअप झाला की 'सेफली रिमूव्ह' करून डिस्क कपाटात. कपाटातल्या डिस्कपर्यंत व्हायरस पोचत नाही.

---

अकौंटवाली
मंगळवार, संध्याकाळी ६:३०

काकांच्या मशीनवर हिशेबाचं टॅली आहे का? असेल तर त्याचा डेटा बहुतेक डी ड्राइव्हवर नसतो. टॅलीत आतच डेटाचा पत्ता दिसतो तो बघा. पाच आकडी नावाचा फोल्डर असतो, एका कंपनीला एक. टॅलीतूनच बॅकअप काढा, आणि तो एखाद्या रिकाम्या फोल्डरात रिस्टोअर करून ताळेबंद उघडतोय का पाहा. ३१ मार्चला ऑफिसात हेच करतो आम्ही. योगायोग असा की २०११ पासून ३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे त्या दिवशी बॅकअप घ्यायला उसंत कोणाला?

---

खिळेवाला
मंगळवार, संध्याकाळी ७:०५

आमच्या छापखान्यात खंडेनवमीला मशीन पुसून, तेल घालून, हळदकुंकू लावून पूजा व्हायची. कॉम्प्युटर आल्यावर त्यालाही झेंडूची माळ घालायला लागलो. त्या दिवशी काम बंद, म्हणून बॅकअप चालवायचा. दिवाळी अंकही तोवर बहुतेक छापायला गेलेला असायचा, त्यामुळे मुहूर्त बरोबर बसायचा. मधे पाडव्याला एकदा.

---

वाशिष्ठी
मंगळवार, रात्री ८:४५

कृष्णाकाठच्या ताई, २०१९ चं लिहिलंत म्हणून सांगते. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पाणी आलं तेव्हा आमच्या शेजारच्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटर आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलात होती. बॅकअप अगदी नेमाने घेतलेला. पण दोन्ही एकाच चिखलात सापडले. सांगलीत राहणाऱ्या माणसाने दुसरी प्रत सांगलीत ठेवूच नये. तुम्ही पुण्यात आहात, वरच्या मजल्यावर असाल तर उत्तमच.

आणि भिजलेली डिस्क हाती आलीच तर ती सुकवून, तांदळात पुरून चालू करून बघायची नाही. चिखल आत वाळला की जास्त पंचाईत होते. ओलसर आहे तशी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून रिकव्हरीवाल्याकडे.

---

सातासमुद्रापार
मंगळवार, रात्री ११:५०

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने मांडलेला हा ३-२-१ नियम इकडे सगळे फोटोग्राफर पाळतात.

मॅकवाल्यांसाठी : मॅकच्या टाइम मशीन या बॅकअप प्रोग्रॅमला डिस्क दिलीत की तो ती स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करतो, मग ती विंडोजला दिसत नाही. एकच डिस्क दोघांना वापरायची असेल तर आधी दोन भाग पाडा.

---

मधलीसुट्टी
बुधवार, सकाळी १०:२०

एका साइटवर १६ टीबीची पोर्टेबल एसएसडी हजार-पंधराशेत दिसतेय. घेऊ का?

---

शून्य_एक
बुधवार, सकाळी १०:२४

नका. आत बहुतेक ६४ जीबीचं मेमरी कार्ड निघेल, १६ टीबी असल्याची थाप मारायला शिकवलेलं. खरी जागा संपली की पुढच्या फायली जुन्यांवरच लिहीत सुटतं, आणि फाइलची नावं मात्र सगळी दिसत राहतात. कोणतीही नवीन डिस्क घेतली की एच२टेस्टडब्ल्यू चालवून तिची खरी जागा तपासता येते. आणि खरी एसएसडी वेगाला छान, पण वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायची असेल तर साधी फिरणारी डिस्कच घ्या.

---

कृष्णाकाठची
रविवार, रात्री १०:१०

सांगलीहून परत आले. अहवाल सादर :

तब्येत बघितली तर 'कॉशन', आणि सी५ समोर आकडा. बाबांचा चेहरा उतरला. शून्य_एक यांच्या सल्ल्याप्रमाणे आधी दिवाळी अंक, मग स्मरणिका, मग फॉन्ट्सचा फोल्डर, मग बाकीचं. रात्रभर चालवलं. सकाळी लॉगमध्ये 'फेल्ड' खाली ७. सातही फायली २००९ च्या एका पतसंस्थेच्या अहवालाच्या. बाबा म्हणाले, "ती पतसंस्थाच बुडाली, जाऊ दे."

नंतर एक घोळ झाला. दोन्ही फोल्डरांच्या प्रॉपर्टीज शेजारी-शेजारी उघडल्या तर एक्स्टर्नलवर 'साइज ऑन डिस्क' पुष्कळ जास्त! बाबा म्हणे, काहीतरी दोनदा गेलंय.

सीडींपैकी बहुतेक वाचल्या गेल्या. काही दुकानातल्या ड्राइव्हमध्ये उघडेनात, त्या शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या ड्राइव्हमध्ये उघडल्या. हे कसं काय, देव जाणे.

पीडीएफचं काम बाबांनी अंगावर घेतलंय. रोज दोन अंक. पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ मोबाइलवर पाठवलं, वरच्या रफारासकट शाबूत.

दुसरी डिस्क मी पुण्यात घेतेय. बदलत्या राहतील : एक सांगलीत, एक माझ्याकडे, मी जाईन तेव्हा अदलाबदल.

---

शून्य_एक
रविवार, रात्री १०:३५

व्वा, कॉशन असलेल्या डिस्कवरून सातच फायली गेल्या म्हणजे वेळेत पोचलात.

'साइज ऑन डिस्क' वेगळा येणारच. तुमची डिस्क एक्सफॅटच राहिलेली दिसतेय. तिथे एवढ्या मोठ्या डिस्कवर प्रत्येक फाइलला कमीत कमी १२८ केबीचा खण मिळतो, फाइल ५ केबीची असली तरी. बारीक फायली हजारोंनी असल्या की फुगवटा मोठा दिसतो. वरचा नुसता 'साइज' आणि फायलींची संख्या जुळली की झालं, तुमच्या बाबतीत सात कमी येतील. पुण्याची डिस्क मात्र एनटीएफएस करून घ्या.

सीडीचं म्हणाल तर प्रत्येक ड्राइव्हची लेझर आणि तिचा नेम वेगळा. एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याला विचारावं.

डेटा पुण्यात येणार, गिऱ्हाइकांची नावं-पत्ते त्यात असणार, म्हणून ती डिस्क व्हेराक्रिप्ट किंवा बिटलॉकरने बंद करा. पासवर्ड कागदावर लिहून सांगलीत ठेवा, डिस्कच्या डब्यात नको. नव्या विंडोज ११ मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं, त्याची रिकव्हरी की सुद्धा लिहून घ्या. मदरबोर्ड गेला तर डिस्क दुसऱ्या मशीनला लावताना तीच लागते.

---

कृष्णाकाठची
सोमवार, सकाळी ८:४०

लिहून घेतलं. बाबांचा एक प्रश्न राहिला : फोल्डर वर्षाप्रमाणे लावावेत की गिऱ्हाइकाप्रमाणे? मी वर्ष म्हणतेय, ते ऐकत नाहीत.

---

खिळेवाला
सोमवार, सकाळी ९:१५

वडिलांचं ऐका. गिऱ्हाईक 'मागच्यासारखीच पत्रिका करा' म्हणत येतं. धाकटीच्या लग्नात थोरलीची पत्रिका लागते, वर्ष कोणाच्याच लक्षात नसतं. आडनाव, गाव, मग काम, आणि शेवटी वर्ष.

---

शून्य_एक
सोमवार, सकाळी ९:४०

नावं मराठीत ठेवा खुशाल, फक्त लांबवू नका. विंडोजमध्ये फोल्डरांसकट पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या वर गेला की बरेच प्रोग्रॅम फाइल उघडायला नकार देतात. पुढे-मागे लिनक्सवर नेलीत तर तिथे एका नावाला २५५ बाइट, आणि आपलं एक अक्षर ३ बाइट खातं, काना-मात्राही वेगळे मोजले जातात. म्हणजे ८५ चिन्हांत आटपायचं. 'चि. सौ. कां.' पासून सुरू करून दोन्हीकडच्या आजोबांपर्यंत फाइलच्या नावात लिहिलंत तर संपलंच.